सोळा रुपयांचा दात

पोलादपूरच्या एका शाळामास्तरांनी विमा विकून मला फसवलं, महाडच्या एका कवळीवाल्याने स्वस्त माल देऊन फसवलं, आणि अलिबागच्या साहेबाने त्या दोघांच्या फसवणुकीवर सही करून माझ्या हातात चौसष्ट रुपये ठेवले. या सगळ्या व्यवहारात मी कुणालाही फसवलेलं नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढची हकिगत ऐकून लोक हसतात आणि उलट मलाच विचारतात, तुमची अक्कल कुठे गेली होती? अक्कल जागेवर होती. होती म्हणूनच हे सगळं झालं.

माझा धंदा सुक्या मासळीचा. मिसरूड फुटायच्या आधी दुसऱ्याच्या टोपल्या डोक्यावर घेऊन आंबेनळीचा घाट चढलो, पुढे स्वतःची टोपली केली, मग बैल, आणि पस्तिशी उलटल्यावर तिसऱ्या हाताचा एक ट्रक. हर्णैकडची सुकट, बोंबील, जवळा घेऊन वर वाईच्या बाजारात जायचं आणि येताना बटाटे भरून महाडला उतरवायचे. बटाट्यांना मासळीचा वास यायचा, पण महाडात त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. झाला तर फायदाच झाला असेल.

या धंद्यात माझं खरं भांडवल म्हणजे राग. मी मुद्दाम रागावतो असं नाही, मला येतोच. पण तो योग्य वेळी आला की वाईचे व्यापारी दोन रुपये वर सरकायचे. मी एकदा आवाज चढवला की शेजारच्या गाळ्यावरचा तराजूसुद्धा थांबतो, असं माझा ड्रायव्हर सांगायचा. तो उमरठकडचा, मितभाषी माणूस. उगाच कौतुक करणारा नव्हे.

विम्याची गोष्ट अशी. त्या वेळी गावोगाव विमा विकायचे ते प्राथमिक शाळेतले गुरुजी. सरकारी नोकरीत दुसरा धंदा चालत नाही, म्हणून एजन्सी बायकोच्या नावावर. घरोघर हिंडायचे गुरुजी, कागद भरायचे गुरुजी, चहा प्यायचे गुरुजी, आणि खाली एजंट म्हणून सही बाईंची. सगळ्यांना माहीत होतं, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. आमच्या गुरुजींच्या बाईंनी त्या सह्या करण्यापलीकडे विम्याशी संबंध ठेवला नव्हता. त्या पापड उत्तम करायच्या.

ट्रकचा विमा काढायलाच लागतो. तो काढताना गुरुजी म्हणाले, "शेठ, गाडीचा काढलात, मालकाचा नको? अपघाताची पॉलिसी घ्या. थोडा हप्ता जास्त भरलात तर औषधपाण्याचा खर्चपण मिळतो."

"काय काय येतं त्यात?"

"डोक्यापासून पायापर्यंत सगळं."

हे शब्द मी विसरलेलो नाही. डोक्यापासून पायापर्यंत.

हप्त्यावर मी घासाघीस केली. गुरुजी म्हणाले, हा सरकारी भाव, यात कमीजास्त होत नाही. मी म्हटलं, तुमच्या कमिशनमधून करा. ते म्हणाले, तसं नियमात बसत नाही. मी म्हटलं, बाईंच्या नावावरची एजन्सी कुठे बसते? अर्ध्या तासाने गुरुजींनी पहिल्या वर्षाचं अर्धं कमिशन सोडलं. जाताना त्यांचा चेहरा पडला होता. मी खूश होतो. विम्याच्या हप्त्यात सूट मिळवलेला पोलादपूर तालुक्यातला मीच पहिला असणार.

पुढच्याच शिमग्यानंतर अपघात झाला. चैत्र-वैशाखात वरच्या गावांत पावसाळ्याची बेगमी चालते, सुकटीला तेव्हाच भाव. गाडी भरून आम्ही आंबेनळी चढत होतो. एका वळणावर समोरून एसटी आली. ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक दाबला, त्याची चूक नव्हती. मी मात्र त्या क्षणी पुढे वाकून त्याच्याशी डिझेलवरून वाद घालत होतो. गाडीचं तोंड कठड्यावर आपटलं आणि माझं तोंड गाडीवर.

ड्रायव्हर खाली उतरून पुढे बघून आला. म्हणाला, "शेठ, गाडीचं दोन दिवं गेलं. पुढच्या जाळीच्या चार पट्ट्या तुटल्या. बाकी काय नाय." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमचंपण चारच गेलं वाटतं."

वरचे, समोरचे, चार.

आठ दिवसांनी पनवेलहून विम्याचा सर्व्हेअर आला. गाडीभोवती फिरला, जाळी वाजवून बघितली, फोटो काढले. मी बाजूला तोंडावर रुमाल धरून उभा. त्याने जाळीच्या पट्ट्या मोजल्या. माझे दात मोजले नाहीत. मी रुमाल काढून दाखवले तर म्हणाला, "ते माझ्या खात्यात येत नाही, मी मोटार बघतो." गाडीचे पैसे मात्र बिनबोभाट आले. चार पट्ट्या तुटल्या होत्या तरी अख्ख्या जाळीचे आले, कारण सुट्या पट्ट्या बाजारात मिळत नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा. मी ठेवला होता.

गुरुजींनी माझी पॉलिसी उघडली. इंग्रजीत होती. ते बोट फिरवत वाचत गेले. दोन्ही हात गेले तर पूर्ण रक्कम, दोन्ही डोळे गेले तर पूर्ण, एक पाय गेला तर निम्मी. अंगठ्याला वेगळा भाव, तर्जनीला वेगळा. पायाच्या करंगळीलासुद्धा काहीतरी होतं.

"दात?"

गुरुजींनी पान उलटलं, सुलटलं. "दात दिसत नाय शेठ."

"पायाच्या करंगळीला भाव आहे आणि दाताला नाही? करंगळीने कोण जेवतं?"

"पण औषधपाण्याचा खर्च हाय ना," गुरुजी घाईने म्हणाले. "दात बसवा, बिल आणा. पाचशेपर्यंत कंपनी देईल."

आता कुणी म्हणेल, पैसे कंपनी देणार तर शेठ गप्प बसून महागाचे दात का नाही बसवले? असं म्हणणारा माणूस धंद्यातला नाही. दुसऱ्याचे पैसे असले म्हणून कुणी मला जास्त भाव लावावा, हे मी ऐकून घेऊ शकत नाही.

शिवाय घाई होती. चार दात गेल्यापासून माझा राग चालेनासा झाला होता. मी वाईच्या बाजारात ओरडलो की शिट्टी वाजायची आणि समोरच्याच्या सदऱ्यावर थुंकी उडायची. आधी लोक मागे सरायचे ते भीतीने, आता सदरा वाचवायला. एक व्यापारी, ज्याला मी दहा वर्षं दमात ठेवलं होतं, तो हसत हसत म्हणाला, "सावकाश बोला शेठ, वारा लागतोय." त्या खेपेला मी बोंबील ज्या भावाने दिले तो भाव मी घरीदेखील सांगितला नाही. बेगमीचा हंगाम दीड-दोन महिन्यांचा. तेवढ्यात तोंड उभं राहिलं नाही तर वर्ष बुडालं.

महाडच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या माडीवर दर गुरुवारी पुण्याहून दातांचा डॉक्टर यायचा. तरुण, गोरा, हात सारखे धुणारा. त्याने तोंड बघितलं, एका कागदावर चार दात अपघातात मोडल्याचं लिहून दिलं आणि तपासणीचे दहा रुपये घेतले. नुसतं बघण्याचे दहा. मी ते जिवावर येऊन दिले.

"चार दातांची पट्टी करून देतो, काका. एका दाताला पासष्ट. दोनशे साठ होतील."

"आणि वरचे सगळे बसवले तर?"

"सगळे? पूर्ण कवळीचे साडेतीनशे. पण ते कशाला?"

मी मनात भागाकार केला. साडेतीनशेला चौदा. दाताला पंचवीस. सुटा घेतला तर पासष्ट, एकगठ्ठा घेतला तर पंचवीस. जन्मभर मी शेकड्याने माल घेतला आहे. असा भाव समोर दिसत असताना सुटे चार नग घेणं म्हणजे टोपली सोडून मूठभर जवळा घेण्यासारखं.

"सगळेच करा," मी म्हटलं. "फक्त भाव वीसवर आणा."

डॉक्टर हसला नाही. म्हणाला, "तुमचे उरलेले दहा दात उत्तम आहेत. ते मी काढणार नाही. पुन्हा असे दात मिळत नाहीत, काका."

बाजारात विकणारा जेव्हा म्हणतो हा माल घेऊ नका, तेव्हा त्याला दुसरा महाग माल खपवायचा असतो. हे मला कुणी शिकवायला नको. आणि त्यावरचा उपायही ठरलेला आहे. उठायचं. मी उठलो. "येतो मग," म्हटलं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर चपलेचा अंगठा नीट केला. सातव्या पायरीवर दुसऱ्या चपलेचा. खाली येऊन दुकानाच्या फळीला टेकून एक अख्खी बिडी ओढली. वरून हाक आली, ती पुढच्या पेशंटला.

आजवर मी कित्येक दुकानांतून उठलो असेन. मागून हाक न मारलेला तो एकच माणूस. त्याने एकदा हाक मारून नीट समजावलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. नुसतं "काढू नका" म्हणून दात वाचत नाहीत. दुकान काढून बसलेल्या माणसाने गिऱ्हाइकाच्या मागे चार पायऱ्या उतरायला हव्यात.

बाजाराच्या दुसऱ्या टोकाला एक कवळीवाला बसायचा. मुंबईला कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात बारा वर्षं काढून गावी परतला होता. डिग्री नव्हती, पण काचेच्या कपाटात वीस-बावीस कवळ्या ओळीने मांडलेल्या. बघूनच बरं वाटलं. माल डोळ्यांसमोर होता.

"फुल सेट करा शेठ, टेन्शन नाय. तीनशे."

"दीडशे."

"दात हाय शेठ, बोंबील नाय."

"बोंबलालासुद्धा हाड असतं. एकशे साठ."

मी दोनदा उठलो. दोन्ही वेळा त्याने हात धरून बसवलं. याला म्हणतात दुकानदार. शेवटी दोनशे चोवीसला सौदा ठरला, दहा दात काढण्याची मजुरी त्यातच. दाताला सोळा रुपये. डॉक्टरच्या पासष्टच्या चौथ्या हिश्श्याहून कमी. शिवाय आमच्यात शंभर मोजले की वर दोन घालायची रीत आहे, म्हणून मी म्हटलं, "वर दोन दात टाक."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "ठेवणार कुठं शेठ?"

तेवढं मी सोडून दिलं. पण बिल मात्र मी सांगितलं तसं लिहून घेतलं. नुसती एकूण रक्कम नको, भाव लिही. त्याने लिहिलं: वरची कवळी, दात चौदा, दर प्रत्येकी रुपये सोळा. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि पोलादपुरात ज्याला त्याला दाखवला.

दहा दात तीन बैठकांत निघाले. ते सहजी निघत नव्हते. कवळीवाला घामाने निथळत म्हणाला, "शेठ, काय खाऊन मोठं झालात?" काढलेले दात मी त्याच्याकडे ठेवू दिले नाहीत. माल माझा होता. तपकिरीच्या रिकाम्या डबीत घालून घरी आणले.

बायकोने डबी उघडून बघितली. एकेक दात उजेडात धरून पाहिला. मग म्हणाली, "ह्यातला किडका कुठला?"

"एकही नाही."

"मग काढला कशाला?"

मी तिला भागाकार समजावून सांगितला. पासष्ट, पंचवीस, सोळा. तिने ऐकून घेतलं. "तुमचं कान शाबूत हायत ना," ती म्हणाली, "मग कानाचा भाव इचारू नका कुठं." आणि पेज ढवळायला गेली. हिरड्या भरेपर्यंत पाच आठवडे मी पेजेवर होतो. त्या पाच आठवड्यांत वाईला बोललो नाही, बोटांनी भाव केले. बोटांना राग येत नाही. हंगाम निम्म्याहून अधिक गेला.

कवळी आली तेव्हा आरशात मी दहा वर्षांनी तरुण दिसत होतो. हे मान्य करतो. पहिल्याच बाजाराला वाईला गेलो, मुद्दाम त्याच वारा लागणाऱ्या व्यापाऱ्याकडे. त्याने सुकटीचा भाव पाडून मागितला. मला हवा होता तसा राग आला, तळापासून आला. मी तोंड उघडलं, आणि पूर्ण वरची कवळी निसटून तराजूच्या पारड्यात सुकटीवर जाऊन पडली. पारडं हललं.

व्यापारी शांतपणे म्हणाला, "हे वजनात धरायचं का शेठ?"

तेव्हापासून मी रागावतो तो उजव्या हाताचा अंगठा तोंडात टाळूला लावून. पूर्वीसारखा परिणाम होत नाही.

आता राहिला विमा. बिल, डॉक्टरचा कागद, पॉलिसी आणि तपकिरीची डबी घेऊन मी अलिबागला विमा कंपनीच्या कचेरीत गेलो. वडखळला गाडी बदलावी लागते. एजंट म्हणून गुरुजींनी बरोबर यायला हवं होतं. ते म्हणाले, शाळेत तपासणी आहे.

साहेब चांगला बोलणारा होता. चष्मा कपाळावर चढवून त्याने बिल वाचलं. "चौदा दात? अपघातात तर चार गेले."

मी तयारीने गेलो होतो. "साहेब, माझ्या गाडीच्या जाळीच्या चार पट्ट्या तुटल्या होत्या. तुमच्या कंपनीने अख्ख्या जाळीचे पैसे दिले. गाडीला एक न्याय आणि मालकाला दुसरा?"

साहेबाने बिल खाली ठेवलं. मुद्दा त्याला लागला हे मला दिसलं. शेजारच्या टेबलावरचा कारकूनसुद्धा ऐकायला लागला. मग साहेब म्हणाला, "बरोबर आहे. पण जाळीच्या बाकीच्या पट्ट्या तुम्ही महाडला नेऊन उपटून आणल्या नव्हत्या."

मी डबी उघडून त्याच्या टेबलावर दात ओतले. कंपनीला पुरावा लागतो, म्हणून आणले होते.

साहेबाने पेन्सिलीने एकेक सारून मोजले. "दहा. हे तर चांगले दात आहेत. मोडलेले चार कुठे आहेत?"

ते चार मी तेव्हाच आंबेनळीच्या दरीत थुंकले होते. कोण शोधणार?

"हरकत नाही," साहेब म्हणाला. "डॉक्टरचा कागद आहे, चार दात मोडल्याचं तो सांगतो. खरं तर कवळीवाला नोंदलेला डॉक्टर नाही, मी हे बिल नाकारू शकतो. पण तुम्ही इतक्या लांबून आलात, चार दातांचे मंजूर करतो." त्याने माझं बिल परत उचललं आणि माझ्याच आग्रहाने लिहिलेल्या ओळीवर पेन्सिल टेकवली. "दर प्रत्येकी सोळा. चार सोळे चौसष्ट. तपासणीचे दहा रुपये, त्याची पावती?"

पावती घेतली नव्हती. पण डॉक्टर चार दातांचे दोनशे साठ मागत होता, हे मी साहेबाला सांगितलं.

"मग चौसष्ट." सही करता करता तो सहज बोलून गेला, "त्या डॉक्टरकडून चारच दात बसवले असतेत तर दोनशे साठच्या दोनशे साठ मंजूर झाले असते. मर्यादेतच होते."

एवढं बोलून त्याने कागद कारकुनाकडे सरकवला. मी दात परत डबीत भरले. एक टेबलाखाली घरंगळला होता, तो कारकुनाने उचलून दिला.

घरी येताना वडखळपर्यंत मी हिशेब करत होतो. कवळीवाल्याकडे मी जितका भाव पाडला, तितके माझेच पैसे कमी केले. माझ्याच तोंडाने माझ्या तोंडाचा भाव सोळा लावला. हे साहेबाला दिसलं आणि त्याने ते लगेच वापरलं. धंदा म्हणून बघितलं तर साहेब हुशार. पण कंपनीने धंदा करावा, तर मग हप्ता भरताना सरकारी भाव म्हणून का बजावायचं?

पोलादपूरला उतरलो तो सरळ गुरुजींच्या घरी. ते ओसरीवर वह्या तपासत होते. मी चौसष्ट रुपये त्यांच्या वह्यांवर ठेवले.

"गुरुजी, तुम्ही सांगितलं होतं, बिल आणा. भाव लिहून घेऊ नका हे का नाही सांगितलं?"

"शेठ, भाव लिहून घेणारं गिऱ्हाईक मी आधी पाह्यलंच नव्हतं." त्यांनी चष्मा पुसला. "आणि खरं सांगू? तुम्ही माझं अर्धं कमिशन कापलंत. अर्ध्या कमिशनमध्ये अर्धाच सल्ला बसतो."

"म्हणजे जाणूनबुजून?"

"तसं नाय. आणि शेठ, कायद्याने बघाल तर एजंट मी नायच. एजंट ह्या आहेत."

बाई आतून पापडाचं पीठ लागलेले हात घेऊन उंबऱ्यात आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भावोजी, मला काय ठाऊक? मी सही करते तेवढी. पण दहा दात बरे असताना काढलेत, हे तुम्ही घरी बाईमाणसाला आधी इचारलं असतं तर?" आणि त्यांनी मला दहा पापड बांधून दिले. पापड मी घेतले. त्या कवळीने खाता येत नाहीत, हे घरी गेल्यावर कळलं.

याला आता काही वर्षं झाली. गुरुजी सेवानिवृत्त झाले, संध्याकाळी एसटी स्टँडवर बाकावर बसलेले असतात. मला पाहिलं की एसटीच्या वेळेची चौकशी करायला उठतात. पण मी विसरलेलो नाही, आणि डबीही घरात आहे. मला पैसे नकोत. मला फक्त एक उत्तर पाहिजे, आणि ते अर्धं नको, कारण उरलेलं अर्धं कमिशन मी द्यायला तयार आहे. गुरुजींनी द्यावं, नाहीतर ज्यांची सही कागदावर आहे त्या बाईंनी द्यावं, पण चारचौघांत, स्टँडवर द्यावं. डोक्यापासून पायापर्यंत सगळं विम्यात येतं असं तुम्ही मला सांगितलंत. तर मग माझं तोंड त्या दोहोंच्या मध्ये येतं की नाही?